प्लास्टिकातली खुर्ची

गेटवरच्या फ्लेक्सवर राजकन्या हसत होती. चाकाच्या नव्या खुर्चीत बसलेली, गळ्यात झेंडूचा हार, डोक्यावर एका पुढाऱ्याचा हात. पुढाऱ्याच्या मागं दहाबारा माणसं माना उंच करून फोटोत घुसलेली. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'दिव्यांग बालकांना मायेचा आधार'.

आणि आत, हॉलमधल्या सतरंजीवर, तीच राजकन्या एका कुशीवर पडून भिंतीचे पोपडे बघत होती.

वैजनाथनं आधी फ्लेक्स बघितला, मग पोरगी. आईला, रुक्मिणबाईला, घेऊन तो नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याहून एसटीनं आला होता. अहमदपूरच्या पुढं हायवेला लागून हे बालगृह. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण घरात उचलायला हात नाहीत, अशी पोरं इथं ठेवतात. राजकन्या त्याच्या थोरल्या बहिणीची. बहीण वारली. दाजी कामाला म्हणून हैदराबादकडं गेले ते गेलेच. पोरीचे पाय जन्मापासून ताठ, मान लवंडते, बोलणं तुटक. डोकं मात्र असं, की एकदा ऐकलेलं नाव विसरत नाही. आठव्या वर्षापर्यंत रुक्मिणबाईनं नातीला कडेवर वागवलं. मग न्हाणीत पाय घसरून रुक्मिणबाईचा खुबा मोडला. वैजनाथ दिवसभर दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर, त्याची बायको रोजंदारीवर. पोरीला उचलायचं कोणी? अशा मुलांचं काय करायचं ते ठरवणारी एक समिती नांदेडला बसते. तिनं हुकूम काढला की आपल्याकडं जागा नाही, लातूर जिल्ह्यात पाठवा. पोरगी जिल्हा ओलांडून आली.

"मा...मा," राजकन्या म्हणाली. तिच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागतो, ऐकणाऱ्याला सवड पाहिजे. "खु...र्ची."

"कुठं हाय गं तुझी खुर्ची?"

तिनं डोळे फिरवले. हॉलच्या टोकाला कुलूप लावलेलं दार होतं.

अधीक्षक चंद्रप्पा सर उदगीरकडचे. आवाज मऊ, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी हौसेनं दार उघडून दाखवलं. खुर्ची जाड प्लास्टिकात गुंडाळलेली, वरून चिकटपट्टी.

"बघा, एक ओरखडा नाही," सर म्हणाले. "हिच्याच मापाची बनवलीय. मान टेकायला उशी, छातीला पट्टा, पाय ठेवायला फळी. अशी दुसरी मिळायची नाही. बाहेर ठेवली तर बाकीची पोरं चढतील, चाकं मोडतील. फोटो झाला की लगेच पॅक करून घेतली मी."

रुक्मिणबाईनं प्लास्टिकवरून हात फिरवला. तिच्या घरी मुलाच्या मोटरसायकलीच्या सीटचं प्लास्टिक तिसऱ्या वर्षीही निघालेलं नव्हतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत. लेकीच्या लग्नात आलेला डिनरसेट अजून खोक्यात, आणि लेक तर मातीत. नवी वस्तू अशीच वागवायची असते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि दुसरं काही शिकवायलाही कोणी आलं नव्हतं.

"लई चांगलं केलं सायेब," ती म्हणाली. "जपून ठिवा. जूनला शाळेत घालायचं हाय पोरीला, तवा काढू. आत्ताच खराब कामून करायची?"

बालगृहाच्या भिंतीला भिंत लागून जिल्हा परिषदेची शाळा होती. हेडमास्तर म्हणाले होते, पोरगी बसू शकत असली तर पाठवा, झोपवून शिकवायची सोय आमच्याकडं नाही. म्हणजे खुर्ची असली तर शाळा, नसली तर सतरंजी. एवढा साधा हिशोब होता. वैजनाथलाही आईचं पटलं. जून काही लांब नव्हता.

राजकन्येला मात्र कोणी विचारलं नाही. कुलूप लागेपर्यंत ती दाराकडं बघत राहिली.

*

जून आला. वैजनाथ खुर्ची काढायला आला तेव्हा चंद्रप्पा सरांचा चेहरा बदललेला होता.

"आता ती डेड स्टॉकला चढलीय हो."

"म्हंजी?"

"म्हणजे सरकारी टिकाऊ सामान. कपाट, पंखा, टेबल, तशी ती. काही मोडलं की ज्याच्या ताब्यात त्याच्याकडून वसुली. माझ्या आधीचे साहेब एका वॉटर कूलरपायी अडकले. रिटायर होऊन घरी बसले तरी पेन्शन सुरू होईना. शेवटी बायकोच्या दवाखान्याला भावापुढं हात पसरला त्यांनी. मी स्वतः बघितलंय." सर खोटं बोलत नव्हते. किल्ल्यांवरचा त्यांचा हात खरोखर घट्ट झाला होता. "मला वरून लेखी आणून द्या, आत्ता काढतो."

"वर कोण?"

"तीच तर पंचाईत हाय. खुर्ची लातूरच्या निधीतली. पोरगी नांदेडच्या समितीची. लातूरची वस्तू नांदेडच्या पोरीला कायमची वापरायला द्यायची, तर कोणीतरी म्हणायला पाहिजे."

"सर, ती जेवते ते पोट कोणत्या जिल्ह्याचं हाय?"

सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "मलाच विचारून राहिले तुम्ही," एवढंच म्हणाले.

वैजनाथ लातूरला गेला. तिथल्या कार्यालयात एका बाबूनं चहा ढवळत ऐकून घेतलं. मूल नांदेडचं आहे, त्यांच्या समितीकडून मागणी येऊ द्या. वैजनाथ नांदेडला गेला. तिथं दुसरा बाबू होता, तोही चहाच ढवळत होता. बालगृह लातूरचं, सामान लातूरचं, आम्ही त्यांना हुकूम कसा सोडणार? तरी अर्ज देऊन जा, संबंधितांना कळवू. पाऊस पडला की ट्रॅक्टर उभा राहायचा, आणि ट्रॅक्टर उभा राहिला की वैजनाथ एसटीत बसायचा. कधी रुक्मिणबाई काठी टेकत बरोबर यायची. बाकावर बसायची, आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला हात जोडायची. शिपायालाही. एकदा तर झेरॉक्सवाल्यालाही.

"माय, तो सायेब न्हाई."

"असू दे रे. कोणाच्या हातानं होईल काय सांगावं."

कोणाच्याच हातानं झालं नाही. त्या दोन्ही कार्यालयांच्या भिंतींवर हसऱ्या पोरांची पोस्टरं होती. कोणत्याच पोस्टरात पोरगं जमिनीवर पडलेलं नव्हतं. फुकट गेलेल्या फेऱ्यांचा राग माणूस कधीतरी गिळतो. पण वैजनाथ दर वेळी परत येताना बालगृहाच्या गेटवर उभा राहायचा, आणि तो फ्लेक्स बघितला की गिळलेलं सगळं वर यायचं. उन्हानं फ्लेक्स विटला होता. पुढाऱ्याचा चेहरा उडून गेला होता. हात तेवढा राहिला होता, राजकन्येच्या डोक्यावर.

शाळेचं एक वर्ष गेलं. दुसरं सुरू झालं. राजकन्या भिंतीपलीकडचे पाढे ऐकून ऐकून पाठ म्हणायला लागली. तीन साती एकवीस म्हणायला तिला इतका वेळ लागायचा की तेवढ्यात पलीकडचा वर्ग पाचाच्या पाढ्यावर गेलेला असायचा. तरी ती थांबत नसे.

वाट दाखवली ती दिपालीनं. दिपाली तिथली काळजी घेणारी बाई, पोरं तिला मावशी म्हणत. एकटी बाई आणि हॉलभर पोरं. कोणाचं तोंड पुस, कोणाचं अंग पुस, कोणाला कुशीवर वळव. वैजनाथला तिनं नळाजवळ गाठलं.

"दादा, वर्षातून एकदा मूल समितीपुढं न्यावं लागतं. पेशी असती. गेल्या टायमाला नुसत्या फोटोवर भागवलं यांनी. तो फ्लेक्सवरचाच फोटो. अवंदा तुम्ही नांदेडला जाऊन अडून बसा. पोरगी समोर आणा म्हणा, आणि खुर्चीत बसवून आणा म्हणा."

"सर तुमच्यावर चिडतील ना."

"चिडले तर चिडले. दुसरी बाई मिळते का त्यांना बघू की."

समितीच्या अध्यक्षा नव्या आल्या होत्या, लुंबिनी मॅडम. वैजनाथचं ऐकून त्या म्हणाल्या, "त्यात काय? मूल तर समोर यायलाच पाहिजे. खुर्चीसह आणू दे." अर्ध्या मिनिटात सही केली. इतक्या सहज की वैजनाथला बाहेर येऊन जिन्यावर बसावं लागलं. दीड वर्षात हे वाक्य कोणाला सुचलंच नव्हतं.

*

पेशीच्या दिवशी बालगृहाची जीप नांदेडला आली. खुर्ची टपावर दोरीनं बांधलेली, प्लास्टिकासकट. राजकन्या आत, दिपालीच्या मांडीवर आडवी.

खोलीत लुंबिनी मॅडम, समितीचे दोन सदस्य, आणि लातूरहून खास आलेले एक साहेब. रुक्मिणबाई आणि वैजनाथ भिंतीला. चंद्रप्पा सर प्लास्टिक काढायला लागले. दोन उन्हाळ्यांत चिकटपट्टी वितळून धातूला बसली होती, नखानं खरवडावी लागली. मग खुर्ची निघाली. काळी, चकचकीत, एक ओरखडा नसलेली. रबराचा नवा वास खोलीभर पसरला.

"चल गं माझी राणी," दिपाली म्हणाली. तिनं आणि वैजनाथनं राजकन्येला उचललं आणि खुर्चीत ठेवलं.

ती मावली नाही.

कंबर खुर्चीच्या दोन्ही हातांच्या मधे अडकली. मानेची उशी पाठीच्या मध्यावर आली. पाय फळीच्या पुढं लोंबायला लागले, वळवून फळीवर ठेवावेत तर गुडघे छातीकडं. पट्टा अर्ध्यावर संपला. दिपालीनं ओढून बघितला, पुन्हा ओढला. वैजनाथनं पोरीला जरा वर सरकवलं, जरा तिरकं केलं, जसं काही तिरकं केल्यानं दोन वर्षं कमी होणार होती.

राजकन्या हसत होती. फ्लेक्सवर हसली होती तशीच, तोंड उघडं ठेवून. अडकल्या कंबरेनं ती हसू धरून बसली होती, कारण हसली नाही तर खुर्ची परत नेतील असं तिला वाटलं असावं. मग तिचा ओठ थरथरला.

"टो...च...तं," ती म्हणाली.

दिपालीनं तिला पटकन उचलून घेतलं.

सरकारी खोली फार वेळ गप्प राहू शकत नाही. लातूरचे साहेब म्हणाले, "वेळेत मागणी आली असती तर आम्ही तेव्हाच..." एक सदस्य म्हणाले, "ताबा तर बालगृहाचा होता." सगळे चंद्रप्पा सरांकडं बघायला लागले. सरांच्या हातात प्लास्टिकचा बोळा, आणि मागं सरकायला जागा नाही.

"खरं सांगू का?" ते म्हणाले. "पहिल्या दिवशी ह्या आजीबाईच म्हणाल्या होत्या. जपून ठेवा म्हणून."

खोलीनं सुटकेचा श्वास सोडला. खरंच सोडला, ऐकू आला.

"असं होय!" सदस्य म्हणाले. "म्हणजे नातेवाइकांचीच तशी इच्छा होती. मग तसं नमूद करून घ्या मॅडम."

सगळ्यांच्या नजरा भिंतीपाशी गेल्या. सापडला गुन्हेगार. नऊवारी नेसलेला, हातात काठी असलेला, अंगठा देणारा.

"हाव," रुक्मिणबाई म्हणाली. "म्याच म्हणले. माझीच चुकी हाय सायेब." आणि ती काठीवरून घसरत त्या रिकाम्या खुर्चीशेजारी फरशीवर बसली.

वैजनाथ पुढं आला. आवाज चढवायचा नाही असं तो घरून ठरवून आला होता.

"थांबा साहेब. हे लिहायच्या आधी ऐका. माझ्या मायनं म्हणलं ते तुम्ही ऐकलं, लई बरं झालं. पण माय अजून बरंच काय काय म्हणली होती. पाय रोज कोमट तेलानं चोळा म्हणली. एकाच कुशीवर ठेवू नका म्हणली. वरण पातळ करा, पोरीला ठसका लागतो म्हणली. लातूरला ह्यांच्या दारात बसून म्हणली, इथं तुमच्या ह्या बाहेरच्या बाकावर बसून म्हणली, हात जोडून म्हणली, खुर्ची काढून द्या. त्यातलं काय ऐकलं? सांगा ना! एका अडाणी बाईचा एकच शब्द दोन जिल्ह्यांनी मिळून पाळला. तोही जो चुकला होता तेवढाच?"

लातूरचे साहेब समोरचे कागद चाळायला लागले.

"ती अडाणी हाय, तिला वाटलं वस्तू जपावी. तुम्हाला तर शिकून पगार हाय ना? पोरगी वाढती, खुर्ची वाढत न्हाई, हे तुमच्यातल्या एकालाबी माहीत नव्हतं?"

चंद्रप्पा सर खाली बघत म्हणाले, "पाय चोळायचो आम्ही. सुरुवातीला. एक बाई हाय माझ्याकडं... एकच." ते कोणाला सांगत होते ते त्यांनाही कळत नसावं. वैजनाथनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याचा राग त्या माणसावरून घसरून पुढं गेला. ह्याच्यावर काढून काही उपयोग नव्हता.

लुंबिनी मॅडमनी बाबूला सांगितलं, "लिहा. बालिकेचं नव्यानं माप घेऊन तिला योग्य खुर्ची द्यावी. संबंधितांनी तातडीनं कार्यवाही..."

"मॅडम," वैजनाथ म्हणाला, "संबंधित कोण?"

"म्हणजे संबंधित कार्यालय."

"त्याचं नाव काय? दीड वर्ष मी ह्या संबंधितलाच शोधून राहिलो. लातूरला गेलो की तो नांदेडला असतो. नांदेडला आलो की लातूरला गेलेला. तुम्ही बघितला का कधी? कसा दिसतो?"

दारातला शिपाई फस्सकन हसला आणि तोंड दाबून बाहेर गेला. मॅडम हसल्या नाहीत.

"असं एखाद्या व्यक्तीचं नाव घालत नसतात," लातूरचे साहेब म्हणाले. "पद्धत नाही तशी."

"पोरीचं नाव घालता की हो. तिचं घालायची पद्धत हाय, आणि तिला बघणाराचं न्हाई?"

लुंबिनी मॅडम राजकन्येकडं बघत होत्या. राजकन्या दिपालीच्या खांद्यावरून त्यांच्याकडं बघत होती, मान लवंडलेली, डोळे सरळ. मॅडमनी पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. मग बाबूला म्हणाल्या, "तिला तिकडं पाठवायचा हुकूम आपल्याच समितीचा होता ना? म्हणजे ती कुठंही राहिली तरी मूल आपलं. 'संबंधितांनी' खोडा. माझं नाव लिहा. पूर्ण. आणि खाली माझा फोन नंबर." बाबूनं नाव मोठ्यानं म्हणत लिहून घेतलं.

"मॅडम, नंतर अंगाशी येतं असलं," सदस्य हळूच म्हणाले.

"यायलाच पाहिजे कोणाच्या तरी," मॅडम म्हणाल्या.

"आणि ही?" लातूरचे साहेब खुर्चीकडं बोट करून म्हणाले. "ही परत स्टॉकला जमा होईल." चंद्रप्पा सरांच्या हातांनी आपोआप प्लास्टिक उलगडायला घेतलं.

"शि...वू," राजकन्या म्हणाली.

कोणाला कळलं नाही. दिपालीला कळलं. "शिवांगी. चार वर्षांची हाय, हिच्या शेजारीच सतरंजीवर असती. तिला बसवा म्हणते."

"तिच्या मापाची थोडीच आहे ती?" साहेब म्हणाले.

"मोठी होईल. उशा लावीन मी दोन्ही बाजूनी," दिपाली म्हणाली. "लहान लेकराला मोठ्यात बसवता येतं साहेब. उलटं येत न्हाई, बघितलं ना आत्ता?"

चंद्रप्पा सर प्लास्टिक हातात धरून उभे होते. 'लेखी' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला वैजनाथला दिसला. सरांनी खाली बसलेल्या रुक्मिणबाईकडं बघितलं. मग ते टेबलाशी गेले.

"मॅडम, ह्याच्यात माझं नाव घाला. शिवांगीला वापरायला मी देतो म्हणून. मोडली तर मोडली. वापरून मोडू दे." आणि प्लास्टिकचा तो बोळा त्यांनी कोपऱ्यातल्या टोपलीत कोंबला. टोपली लहान होती, बोळा परत परत वर यायचा. शेवटी त्यांनी तो पायानं दाबला.

*

आता शिवांगी खुर्चीत बसते. दोन्ही बाजूंनी उशा, समोर ताटली, हातात चमचा. ताटलीवर चमचा बडवायचा आणि सगळ्या हॉलनं तिच्याकडं बघायचं हा तिचा धंदा. खुर्चीचा एक हात खरचटलाय, चाकात कोणाची तरी रिबन अडकून बसलीय. चंद्रप्पा सर येता-जाता चाक बघतात, पण बोलत नाहीत.

राजकन्या अजून सतरंजीवर आहे. नवं माप झालं, खुर्ची यायची आहे. भिंतीपलीकडं पाढे चालू आहेत. ह्या खेपेला रुक्मिणबाई वैजनाथबरोबर तेलाची बाटली घेऊन आलीय आणि पाय चोळत नातीला सांगतेय, "खुर्ची आली की त्या प्लास्टिकला मी सोता कात्री लावणार बघ. घरी मोटरसायकलीचंबी काढलं. तुझा मामा म्हणला, माय, आता सीट पोळत न्हाई."

"मा...मा," राजकन्या म्हणाली. "फो...न."

"कोणाला लावू?"

"मॅ...डम." मॅडमचं नाव तिनं पेशीच्या खोलीत एकदाच ऐकलं होतं. एकदा ऐकलेलं नाव ती विसरत नाही. वैजनाथनं नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्या तोंडाजवळ धरला. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं. कोणी घाई केली नाही. शिवांगीचा चमचासुद्धा दिपालीनं जरा वेळ धरून ठेवला.

"लुं...बि...नी," राजकन्या म्हणाली. सगळं नाव. आणि मग, श्वास घेऊन, "म...ला शा...ळा."

पलीकडं कुणीतरी खुर्ची मागं सरकवून उठल्याचा आवाज आला.

"हो राजकन्या," मॅडम म्हणाल्या. "मीच आहे. बोल."